चार मीटर

फोन थरथरला तेव्हा ती माझ्या मांडीवर होती.
पडद्यावर तिचाच फोटो, खाली नाव: अल्मेंद्रा.
म्हणजे बदाम.
मला माहीत नव्हतं. मी नुसतं 'तू' म्हणायचो.
घरात तिसरं कोणी नसलं की तेवढं पुरतं.

'हरवली आहे. रंग करडा, डावा कान फाटका.
शेवटची खूण नऊ वाजून बारा मिनिटांनी,
तुमच्यापासून चार मीटरवर.'

मी बसल्या जागेवरून खोली मोजली.
पलंग दोन मीटर. दार तीन.
चौथा मीटर कुठला, ते कळेना.

वालपराइसोच्या या टेकडीवर घरं शेजारी शेजारी नसतात,
एकमेकांच्या खांद्यावर बसलेली असतात.
माझं छप्पर म्हणजे वरच्या इस्मेनियाबाईंचं अंगण,
माझी फरशी म्हणजे खालच्या शिंप्याचं आढं.
बत्तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली मी,
उंची मला कळते.
नकाशाला नाही कळत.
त्याच्या लेखी आम्ही तिन्ही घरं एकच ठिपका.

बाहेर विजेऱ्या हलू लागल्या.
दोनशे चौदा फोन वाजले होते म्हणे, टेकडीच्या या अंगाला.
पावाच्या दुकानातली यास्ना आली, हातांना पीठ तसंच,
गॅसवाला नोल्बेर्तो आला,
एरवी सिलिंडर बडवत येतो, आज दबक्या पावलांनी.
कोपऱ्यावरची ती दोन पोरं,
ज्यांना मी चोर समजायचो,
पालथी पडून पत्र्याखाली उजेड टाकत होती.
शिंप्याला झोपेतून उठवलं. त्याच्या टाकीमागं पाहिलं.
प्रत्येक जण फोन धरून ठिपक्यावर उभा राहायचा
आणि पायांकडे बघायचा.

मी दिवा मालवला.
हे सांगून टाकतो, कारण कोणी विचारलं नाही.
आणि परवा खिडकीही मीच लावून घेतली होती.
वारा होता, असं म्हणता येईल.

दिवा गेल्यावर तिच्या गळ्यातली ती डबी दिसली,
जिला मी इतके दिवस जीभ नसलेली घंटा समजत होतो.
आत हिरवा कण. माझ्या छातीवर
उघडझाप, उघडझाप,
समुद्रावरची दिवादांडी लहान करून आणल्यासारखा.

मग वरून त्या पोराची हाक आली.
अल्मेंद्रा.
पुन्हा, जरा ओढून.
तिसऱ्यांदा आवाज मध्येच फाटला.
तिचा चांगला कान वळला. फाटका वळला नाही.
ती उठली नाही.
एवढंच तर हवं होतं मला,
आणि तेवढ्यानंच लाज वाटली.

पडद्यावर एक बटण होतं: 'मला दिसली.'
लिव्हर ओढून ओढून बोटं जाड झालेली,
दोनदा भलतंच काही दाबलं गेलं.
शेवटी तिला स्वेटरमध्ये घेतलं आणि दार उघडलं.

वर जायला एकोणसाठ पायऱ्या.
मधल्या वळणावर दम खायला थांबावं लागतं.
खिशातला फोन प्रत्येक वळणावर सांगत होता:
चार मीटर.
चार मीटर.
चार मीटर.

इस्मेनियाबाईंनी तिला हातांत तोललं.
म्हणाल्या, 'ही जाड कशानं झाली, ते आत्ता कळलं.'
मी सार्डिनबद्दल काही बोललो नाही. स्वेटरला वास होताच.
पोरानं, फाब्रिसियो त्याचं नाव, मला फोन दाखवला:
महिनाभराच्या तिच्या फिरण्याच्या रेघा,
सगळ्या टेकडीवर विस्कटलेल्या लोकरीसारख्या,
आणि मध्ये एक घट्ट, काळी गाठ.

'रोज संध्याकाळी सहा ते नऊ,' तो म्हणाला,
'हे दाखवायचं की ती घरीच आहे.
आम्ही सगळं घर शोधायचो.
आम्हाला वाटलं, मशीनच बिघडलंय.'