कलम चार, पोटकलम दोन

फेब्रुवारीत मॉन्टपेलियरला
नऊ वाजले तरी उजाडल्यासारखं वाटत नाही.
खोली क्रमांक अकरा. रेडिएटर खोकतो.
आठ आमदार, कॉफीचं एक भांडं,
आणि मी, इतिवृत्त लिहिणारी.

कायदा सभागृहात जन्मतो, टाळ्यांत.
नियम जन्मतात खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
आणि पाहता पाहता बापाच्या खांद्याला लागतात.
आमची समिती त्यांना दारातच अडवते :
तू कुणाचा? तुला एवढं कुणी सांगितलं?

आजचा नियम शेतकी खात्याचा :
चीज मुरवायला लाकडी फळ्या बंद.
हॅलोरनसाहेब म्हणाले, कायद्यात शब्द आहे 'स्वच्छ'.
लाकूड पाणी पितं. पाणी पिणारं स्वच्छ कसं?
एक मुलगी अकरा दिवस इस्पितळात होती,
हेही ते म्हणाले, तक्त्याकडे न बघता.

मग डेल्फीन रूलो उठली.
काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फळी.
ठेवली ती थेट नियमाच्या सत्तर पानांवर.
"स्प्रूसची आहे. सासऱ्यांनी कापलेली.
रोज कढत पाण्याने घासते, वाळवते. हुंगा."
सिनेटर पेल्कीबाईंनी खरंच हुंगली.
"ओल्या दगडासारखी," म्हणाल्या.
मी तेही लिहिलं.

वकीलबाई म्हणाल्या,
फळी बरी की वाईट, हा आपला प्रश्नच नाही.
कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं, एवढंच बघायचं.
तशा सगळ्या माना वळल्या
टेबलाच्या टोकाला, वेंडेल स्टॅनार्डकडे.
एकोणीस वर्षांपूर्वी तो शब्द त्यानेच घातला होता.

वेंडेलने चष्मा काढला. पुसला.
पुन्हा पुसला.
"खरं सांगू? रात्रीचे अकरा वाजून गेले होते.
बाहेर बर्फ. सगळ्यांना घरी जायचं होतं.
आधी मी 'निर्जंतुक' लिहिलं होतं.
कुणीतरी म्हणालं, फार कडक होतंय.
खोडलं.
कोण म्हणालं, ते आठवत नाही."

रेडिएटर खोकला.

पाच विरुद्ध तीन. आक्षेप नोंदवला.
आमच्या आक्षेपाने नियम मरत नाही.
आक्षेप समासात धरणं धरून बसतो,
उद्या कोर्टात जाताना
खात्याला त्याला ओलांडावं लागतं, इतकंच.

हॅलोरननी डेल्फीनसाठी दार धरलं.
बोललं कुणीच नाही.

फळी उचलली तेव्हा पोटकलम दोनवर
एक लांबट, ओलसर डाग होता.
तीच प्रत दप्तरी लावली.
शिक्का मारायला
कोरडी जागा शोधावी लागली.