पुलावर काठी टेकवायची नाही

टोपीवर चार अक्षरं: दोघं मिळून चाललेत.
दोघं म्हणजे तुम्ही आणि तो जुना साधू, दुकानातली बाई म्हणाली,
एकटं चाललात तरी तो सोबत असतो.
मग आम्ही चौघे झालो, मी म्हटलं.
तेत्सुजीनं पैसे मोजता मोजता विचारलं,
चौघांच्या खोलीला भाडं जास्त पडतं का?

शिकोकू बेटाला वळसा. अठ्ठ्याऐंशी देवळं, बाराशे किलोमीटर.
हा माणूस सदतीस वर्षं
लोकांच्या दारांतले गॅसचे मीटर वाचत हिंडला,
मला चालायला शिकवू नकोस, म्हणाला.
बाराव्या देवळाच्या चढाचं नावच
यात्रेकरूंना लोळवणारा.
तिथं तो दर वीस पावलांवर थांबून झाडं बघायला लागला.
झाडं!
ज्याला स्वतःच्या दारातलं पर्सिमन ओळखता येत नाही.
मीही बघितली. मलाही धाप लागली होती.

रात्री फोड.
सुई तापवून त्यानं माझ्या टाचेचा फोडला,
डोळे बारीक करून,
जसा एखादा आकडा नीट दिसत नाहीये.
मी त्याच्या अंगठ्याचा फोडला तेव्हा असा ओरडला
की शेजारच्या खोलीतून भिंत वाजली.
मग तो घोरला. भिंत पुन्हा वाजली.
अंधारात मी माफी मागितली, भिंतीची.

तेविसाव्या देवळात बायकांच्या पायऱ्या तेहेतीस,
पुरुषांच्या बेचाळीस.
पायरीगणिक एक नाणं ठेवलं की इडापिडा टळते.
त्याची कंबर वाकेना,
म्हणून त्याची इडापिडाही मीच वाकून वाकून टाळली.
पंचाहत्तर नाणी.
पुढचं देऊळ पंचाहत्तर किलोमीटर.
हिशेब जुळला म्हणून स्वारी दिवसभर खूश.

समुद्र डावीकडे.
पहिल्या दिवशी मी म्हणाले, किती सुंदर.
दुसऱ्या दिवशी कुणीच काही म्हणालं नाही.
तिसऱ्या दिवशी नकाशावरून भांडलो,
म्हणजे नकाशा आपला निमित्ताला.
बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस.
वादळाची ड्यूटी होती.
बत्तीस वर्षं हेच उत्तर,
काटा तसूभर हलत नाही.
मग मी पुढे, तो मागे,
मध्ये एवढं अंतर
की मासे वाळत घालणाऱ्या एका आजीबाईनं
आम्हांला वेगवेगळं हाक मारून
वेगवेगळी संत्री दिली.
यात्रेकरूनं नाही म्हणायचं नसतं.
मी थांबले. तोही येऊन बसला, एक हात सोडून.
साली त्यानं नेहमीसारख्या खिशात कोंबल्या.

बोगद्यात एकामागे एक, भिंतीला चिकटून.
मध्यावर तो पाठीमागून काहीतरी म्हणाला.
लहान नव्हतं वाक्य,
मध्ये एकदा थांबला होता.
ओंडके भरलेला ट्रक आला
आणि सगळं घेऊन गेला.
बाहेर उजेडात मी विचारलं नाही.
त्यानंही पुन्हा म्हटलं नाही,
फक्त नकाशा माझ्या हातात दिला. उलटा.

देवळात टाकायच्या चिठ्ठीवर
नाव, गाव, मागणं लिहायचं.
माझं मागणं रोज एकच: गुडघा.
काल वाऱ्यानं त्याची चिठ्ठी उडाली, मी पायाखाली धरली.
मागण्याची जागा कोरी.
नावाच्या जागी, मीटरच्या वहीतल्यासारख्या सरळ अक्षरात,
माझ्या वडिलांचं नाव.
झटकून परत दिली.
पहिल्या देवळापासून असंच लिहीत होता का,
की बोगद्यानंतर,
मोजायला आता काही साधन नाही.

साधू एकदा थंडीत पुलाखाली झोपला होता म्हणे,
म्हणून पुलावर काठी टेकवायची नाही, झोपमोड होते.
सुरुवातीला मी हसायचे. सिमेंटचा पूल, खाली गटार!
आता पूल आला की दोघंही काठ्या उचलतो,
बगलेत धरतो,
बोलणंसुद्धा हळू होतं.
कुणीतरी आहे खाली. कोण ते बघत नाही.

पलीकडे पोचलो की तेत्सुजीची काठी आधी वाजते.
चल, म्हणतो, पाचला शिक्के बंद होतात,
आणि तुझे मोजे अजून ओलेच आहेत.