शून्य सापडेपर्यंत

सेनापती बापट रस्त्यावरून आत वळलं
की झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर
आमचा कंपायलर राहतो.
सोळा खुर्च्या, एक बंद पडलेला एसी,
आणि वसंत रिसबुडांनी अठ्ठ्याण्णव साली लिहिलेला नियम:
स्ट्रलेन दिसली तर लायब्ररीला हाक मारू नये.
जागच्या जागी मोजावं.

नियम खराच होता, त्या काळातला.
लायब्ररी तेव्हा एकेक बाइट उचलायची,
शून्य आहे का बघायची, खाली ठेवायची,
दुसरा उचलायची.
तिच्या दारात जाऊन येईतो
रिसबूड मोजून मोकळे.

पंचवीस वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.
म्हणजे मी लावला होता एकदा,
कमेंटमधलं शुद्धलेखन सुधारायला.

मधल्या काळात ती कधी बदलली
आम्हाला कळलंच नाही.
आता बत्तीस बाइट एका घासात घेते,
शून्याच्या पुढचंही बिनधास्त वाचते,
फक्त मेमरीच्या पानाची हद्द ओलांडत नाही.
आणि आम्ही अजून तिला टाळून
जागच्या जागी
एक, दोन, तीन.

मुजावरने आलेख लावला. लांब ओळींवर नऊपट मागे.
"मॅडम, आपण काहीच केलं नाही तर जास्त जोरात पळू,"
तो म्हणाला, आणि गप्प बसला,
कारण त्या काहीच-न-करण्याच्या वाटेत
दोनशे चौदा ओळी होत्या
आणि ओळींवर नाव होतं.

रिसबूड आता बावधनला असतात. फोन केला.
सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या.
"सरासरी नको सांगूस मला. लहान ओळींचं काय?
माणसं लांबलचक लिहितात कुठे? नाव, गाव, पिनकोड.
आठाच्या आतलं मोज, मग बोल."

मोजलं.
आठाच्या आत त्यांचाच नियम पुढे.
जेमतेम, घड्याळाच्या दोन ठोक्यांनी.
मला हे नको होतं.
प्रोसेसर तापला असेल, एसी बंद आहे,
असं स्वतःला सांगत तीनदा पुन्हा चालवलं.
दोन ठोके. दोनच, पण त्यांचे.

संध्याकाळी निघता निघता मुजावरने
चाचणीत सहज "पुणे" घातलं.
आपल्या हिशोबाने अक्षरं दोन.
स्ट्रलेन म्हणाली, बारा.
"कोथरूड" घातलं. अठरा.
एक उकार, एक मात्रा, प्रत्येकीचे तीन बाइट वेगळे,
तिसरी खूण पडली की आठाची वेस ओलांडलीच.
बाराला बरोबरी. अठराला लायब्ररी पुढे.
आमच्या गावांची नावं
त्या नियमात कधी मावतच नव्हती.

पुन्हा फोन. या वेळी बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "तेव्हा मराठीत कोणी टाइप करेल
हे डोक्यातच नव्हतं गं.
काढून टाक.
लांबी आधीच ठाऊक असेल तेवढं मात्र ठेव,
तिथे मोजायचंच नाही, उत्तर लिहून द्यायचं."

दोनशे तीन ओळी गेल्या. अकरा राहिल्या.
कमिटच्या संदेशात कारण लिहिलं,
मग त्यांचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"माझं नाव किती भरलं?" त्यांनी विचारलं.
रिसबूड. अठरा, सर.
"आणि शेवटचं शून्य?"
ते धरत नाहीत मोजणीत.
"माहितेय. पण जागा ठेवावी लागते त्याला.
ठेवलीस ना?"