निखाऱ्यांच्या घरचं ऊन

धंतोलीतल्या लॅबमध्ये मी रोज रक्त काढते.
सकाळी सात ते तीन, उपाशीपोटी आलेले आधी.
फेब्रुवारीत एका दुपारी मशीन रिकामं होतं,
म्हणून माझीही एक नळी लावली,
मोरेश्वरची एक,
निमिषची अर्धी, तीही रडूनरडून दिलेली.

व्हिटॅमिन डी : मी नऊ. निमिष आठ.
मोरेश्वर अकरा.

मोरेश्वर ट्रॅफिकमध्ये आहे बाप्पा!
व्हेरायटी चौकात अख्खा मे महिना डोक्यावर घेतो,
डांबर बुटाला चिकटतं तेव्हाही
त्याची शिटी सुरूच असते.
मानेवर कॉलरची रेघ पडली आहे,
वर तांबं, खाली दूध.
त्याला अकरा?

"मशीन बिघडलं असन," तो म्हणाला.
मी पुन्हा लावलं. साडेदहा आलं.

माहेरचं आमचं आडनाव निखारे.
हसावं की नाही, कळेना.

भिवापूरकर मॅडमनी रिपोर्ट उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं काढून दाखवलं :
ऊन कातडीवर पडतं, तिथं कच्चा माल निघतो,
मग यकृत, मग मूत्रपिंड,
आणि रक्तातून ने-आण करणारा एक हमाल.
"काही घरांत हा हमालच जरा हाडकुळा असतो.
काही घरांत कुलूप वेगळं, किल्ली अडकते.
अशा काही घरांत पोरांची छातीही लवकर वाजते.
त्याच्यामुळंच वाजते, असं मी लिहून देणार नाही.
पण आधी कोणाला होतं का?"

होतं.

नत्थूजी निखारे, तांडापेठ, हातमाग.
तीन हजार धाग्यांतला तुटलेला एक
बाबांना लाईट गेली तरी बोटांनी सापडायचा.
रात्री मात्र भिंतीला टेकून बसायचे,
छातीतून धोट्यासारखा आवाज,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आई म्हणायची, कापूस गेला फुप्फुसात.
बाबांनी माग विकला, जळणाच्या भावात.
कळमन्याला संत्र्यांच्या पेट्या मोजायला लागले.
धोटा चालतच राहिला.
मग म्हणाले, मिरचीचा खकाणा.
मग गाजरगवत. मग कूलरचा वाळा.
मग कोराडीची राख.
दर वर्षी एक नवा आरोपी.
एक उन्हाळा आम्ही कूलर बंद ठेवून काढला,
मोरेश्वरची पाठ घामोळ्यांनी सोलली होती,
बाबा त्याला रात्रभर पुठ्ठ्यानं वारा घालायचे,
स्वतः धापा टाकत.

"आरोपी काही निर्दोष नव्हते," मॅडम म्हणाल्या,
"फक्त त्यांना दार आतून उघडून मिळत होतं."

कोणती कडी, कोणत्या अक्षरात सैल,
ते शोधायची तपासणी पुण्याला जाते म्हणे, महाग आहे.
मी किंमत विचारली आणि पर्स बंद केली.

निमिष सात वर्षांचा. दप्तरात डब्याशेजारी पंप.
संक्रांतीला गच्चीवर गेला नाही, धुरामुळं,
खोलीत बसून पोरांचा गुंतलेला मांजा सोडवत होता,
मांजाकडे न बघता, कार्टून बघत.
मी दारातच थांबले होते.
आता विचारतो,
"आजोबांनी दिलं का मला हे?"
हो म्हणावं तर तक्रार होते,
नाही म्हणावं तर खोटं.
"मग ते पण आठ होते का?"

बाबांची नळी माझ्याकडे नाही.
दहा हजार लोकांचं रक्त काढलं असेल मी,
त्यांचं एकदाही नाही.
ते दवाखान्यात म्हणायचे, सुई नको,
मला फक्त हवा पाहिजे.

रविवारी सकाळी तिघंही दुधात पुडी टाकतो.
मोरेश्वर नाक दाबून पितो,
लहान होता तेव्हा काढा प्यायचा तसा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासलं.
दुपारी दोनला चौकातून त्याचा फोन.
"किती?"
"सेहेचाळीस. टीव्हीवर सांगून राहिले."
"तापमान नाही वं ताई. माझं."
"एकोणीस."

मागं कोणीतरी सिग्नल तोडला असावा.
फोन न ठेवताच
त्यानं शिटी मारली.