थांबलं की गरम

एर्मोसियोत जुलैच्या दुपारी
कुणी गाडीची तक्रार घेऊन आलं
की मी आधी पाणी देते, मग कान.
डॉन तेओफिलोने पाणी नाकारलं.
"महामार्गावर आत बर्फ पडतो," म्हणाला,
"ग्वायमास येईतो बोटं बधिर.
पण ही म्हणते, थांबलं की गरम येतं."

ही म्हणजे कासिमिरा.
पुढच्या सीटवरून उतरलीच नव्हती.
सुपरमार्केटच्या पत्रकाची चौपदरी घडी करून
टोमॅटोच्या भावाने स्वतःला वारा घालत होती.

गॅस दोनदा भरून झालेला,
एकदा ग्वायमासला, एकदा मेव्हण्याच्या अंगणात.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी गेज लावले.
गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली
आणि लाल काटा चढत गेला,
म्हातारा माणूस जिना चढतो तसा,
थांबत, पण परत न फिरता.
नाबोरला म्हटलं, पाईप आण.
कंडेन्सरच्या जाळीवर पाणी सोडलं. वाफ उठली.
मेस्कीटचा वाळका पाला, टोळांचे पंख,
एका पिवळ्या फुलपाखराचं अर्धं अंग
खाली वाहून आलं.
काटा उतरला.
आतून कासिमिरा म्हणाली, "आलं."
पाणी बंद केलं.
मिनिटभराने, "गेलं."

निदान तिथेच झालं.
पुढचं नुसतं पुरावे गोळा करणं.

धावत्या गाडीला वारा आपणहून भेटतो,
रस्ताच पंखा हलवत असतो, फुकट.
उभ्या गाडीसाठी
कुणीतरी मुद्दाम फिरावं लागतं.
तिथे पंखे दोन. इंजिनाचा फिरत होता,
म्हणून तर कुणाला काही कळलं नाही.
दुसरा गप्प.
फ्यूज शाबूत. रिले टिक् म्हणाला,
आपलं काम आपण केलं म्हणून मोकळा झाला.
बॅटरीवरून थेट तार दिली. ढिम्म.
मग पान्याच्या दांड्याने पाठीत एक टप्पल.
फिरला!
चार श्वास फिरला आणि बसला.
ब्रश झिजलेले.

"किती दिवसांचं असेल हे?"
"सांगता येत नाही. दोन उन्हाळे. तीन."
"छे. मला कळलं असतं."

मी हात पुसत राहिले.

"पाच," गाडीतून आवाज आला.
"बँकेबाहेर. खिळ्यांच्या दुकानाबाहेर.
तुझ्या भावाच्या दारात,
दोन मिनिटांत येतो म्हणून गेलास तेव्हा.
इंजिन चालू ठेवून जायचास, गार राहावं म्हणून.
परत यायचास, गाडी सुटायची,
आणि मग गार यायचं."
रागाने नाही. जुन्या पावत्या
तारखेनुसार लावाव्यात तसं.

तेओफिलोने टोपी काढली, आत पाहिलं,
पुन्हा घातली.

भंगारवाल्याकडून पंखा मिळाला,
पात्यावर खडूने कुणीतरी लिहिलेलं : चांगला.
तो बसवताना माझं कोपर पोळलं,
तेवढंच माझं नुकसान.

"चल, एक फेरी मारून बघू," तेओफिलो किल्ली मागू लागला.
म्हटलं, फेरी मारून हे कळत नाही, डॉन.
आत बसायचं. इथेच. पंधरा मिनिटं.
तो बसला.
हात स्टिअरिंगवर ठेवले, काढले,
गुडघ्यांवर ठेवले.
न चालणाऱ्या गाडीत हातांचं काय करायचं
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
लाल काटा मधोमध उभा,
पंखा खडूचं अक्षर गोल गोल पुसत होता.
कासिमिराने पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं
(टोमॅटो रविवारपर्यंत त्याच भावात होते),
तळवा जाळीसमोर धरला,
आणि ती जाळी हळूच त्याच्याकडे वळवली.

अकराव्या मिनिटाला त्याने काच खाली केली.
"ते पाणी," म्हणाला, "असेल का अजून?"

मी पेला पुढे केला.
आतून कासिमिरा :
"एवढी उघडू नकोस रे काच. गार जातंय सगळं."