शेऱ्याचा रकाना

घळीतल्या पाण्याची उंची
सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला
एकतीस वर्षं मी लिहिली.
पांढरी पट्टी, काळे आकडे.
पुरात वाकली की खात्याचा माणूस यायचा,
नवी ठोकून, चहा पिऊन जायचा.

रजिस्टरला रकाने पाच.
तारीख, वेळ, उंची, पाऊस, शेरा.
पहिले साहेब म्हणाले होते,
विशेष काही घडलं तरच शेरा लिहायचा, ढेबे.
विशेष काही घडलं नाही.

स्वारगेटला उतरलो, कचेरीचा तिसरा मजला गाठला.
पडद्यावर आमची घळ,
आकाशातून काढलेली, दोऱ्याएवढी,
आणि तिच्यावर आडवी लाल रेघ.
भिंत बासष्ट मीटर, मॅडम म्हणाल्या.
तरुण, नीट बोलणाऱ्या. त्यांचा राग नाही आला मला.
तहान खोटी नाही. भाची हडपसरला राहते,
पहाटे चारला बादल्या मांडते टँकरपुढे.

मग त्यांनी माझे आकडे वाचले.
एका दिवसाचाही खंड नाही, म्हणाल्या,
या नोंदींवरच धरण उभं राहतंय.
तुळसा कडूनं मान वळवून पाहिलं माझ्याकडं,
जणू मीच पाटी घेऊन निघालोय भिंतीला.

आकडे माझेच. एकही खोटा नाही.
मी तापानं फणफणलो तेव्हा हौसा गेली पट्टी वाचायला,
छातीभर पाण्यात, सहावा महिना असताना.
तेही शेऱ्यात नाही.

माइक हातात आला.
म्हणालो, पाणी वीतभर असलं
की रांजणखळग्यांत गोटे फिरतात, जात्यासारखे.
हातभर झालं की घुमतात.
पुरुषभर झालं की आवाजच येत नाही,
कडा नुसता पायाखाली थरथरतो.
शेरणीच्या मुळांत वाम असते.
पाणमांजर मी दोनदा पाहिलं,
दुसऱ्यांदा पिल्लं होती तिच्यासंगं, तीन.
तारीख? तारीख नाही लिहिली, साहेब.
पाकोळ्यांची घरटी
तुमच्या लाल रेघेच्या चार हात खाली आहेत.

कोणीतरी हसलं. कोणीतरी टाळी वाजवली, एकच.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं,
हे लेखी आहे का काही, विचारलं.
नाही म्हटलं.
टोपण परत लावलं त्यांनी, पण हळू.

पुढची तारीख पडली.
शेवटच्या एसटीत तुळसा शेजारी बसली,
पानशेतपर्यंत काही बोलली नाही,
मग पिशवीतनं अर्धी भाकरी काढून दिली.

आज सकाळी आठ.
गुडघे दुखतात, तरी उतरलो.
उंची शून्य पूर्णांक अडतीस. पाऊस नाही.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
त्यात एकतीस वर्षं कुठून सुरू करायची?
पेन्सिल जिभेला लावून बसलो बराच वेळ.
खाली गोटा फिरत होता.

लिहिलं: ऐकू येतंय.