भाग दोनशे बारा

रात्री अडीचला चाळीस सेकंद कमी पडत होते.
निर्माता फोनवर फोन करत होता,
म्हणून मी लुसमिलाला टेबलापाशी थांबवलं,
हातात वाडगं दिलं आणि तोंडी घातलं:
"सूप गार होतंय, बाईसाहेब.
माझं नाव घ्या, मग वाढते."
पाठवून दिलं. झोपलो.
यात क्रांती वगैरे काही नव्हती. घरभाडं होतं.

लिमाचं आभाळ हिवाळ्यात ओल्या फडक्यासारखं असतं,
पिळलं तरी थेंब पडत नाही.
त्याच्याखाली रोज आठ वाजता माझी मालिका लागते.
रडारड, गेलेली स्मृती, खलनायिकेच्या भुवया,
इस्पितळात अदलाबदल झालेली बाळं.
विद्यापीठातल्या एका विद्वानाने लिहिलं होतं,
ही साखर आहे, मेंदूचे दात किडवणारी.
त्याच्याकडची मोलकरीण
स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते,
बसायची मुभा नाही,
हे त्याने लिहिलं नव्हतं.

मग तो रविवार.
टेकड्यांवरच्या पत्र्याच्या घरांतून,
बंगल्यांच्या मागच्या दारांतून
बायका उतरल्या चौकात. काहींनी मुद्दाम
गणवेश घातलेला, पांढरी कॉलर, कडक इस्त्री.
एरवी रविवारी तो अंगावर चढू नये म्हणून
मेणबत्ती लावतात त्या.
हातात पळ्या, डाव, पातेल्यांची झाकणं
आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कोळशाने:
सूप गार होतंय.
एवढंच. ना आठ तास, ना लेखी करार, ना पगारी सुट्टी.
ते सगळं या तीन शब्दांच्या पोटात होतं,
आणि वाचता येत होतं प्रत्येकीला,
अक्षरओळख नसलेल्यांनाही.

पोलिसांना कळेना, याला उत्तर काय द्यावं.
एक पोरगेला शिपाई हसला. त्याची आई मालिका बघते.
मग अश्रुधूर सोडलाच. हसून झाल्यावर.

मी बातम्यांत बघत होतो, घरी, पाय वर घेऊन.
खरं सांगतो, छाती फुगली.
माझं वाक्य! हजार गळ्यांत!
तेवढ्यात तिसऱ्या रांगेत दिसली एदुविहेस,
बारा वर्षं माझ्याकडे आहे,
आणि तिच्या हातात माझ्याच घरची पळी.

रात्री आली. डोळे लाल, आवाज बसलेला.
मी म्हणालो, जरा मिरवतच,
"वाक्य कुणाचं होतं, ठाऊक आहे ना?"
तिने चपला काढल्या. एक. मग दुसरी.
"ठाऊक आहे. माझंच.
तुमच्या आईसाहेब होत्या तेव्हा त्यांना म्हणाले होते,
याच टेबलापाशी.
तुम्ही हसलात, पेपरच्या कडेला लिहून ठेवलंत.
त्या महिन्यात माझे दोन रविवार कापले गेले."
पळी धुता धुता थांबली.
"लुसमिलाचे नाही कापले कुणी.
बघताना बरं वाटलं.
आमच्या गल्लीत तर टाळ्या पडल्या."

आता साडेबारा. वाहिनीचा निरोप आलाय:
शुक्रवारच्या आत लुसमिलाला ट्रकखाली घाला,
जाहिरातदार नाराज आहेत,
त्यात एक पाकिटातल्या सूपवालाही.
ट्रक लिहायला मला दोन ओळी पुरतात.
लिहिल्या. खोडल्या. परत लिहिल्या.
भूक लागली म्हणून उठलो.
पातेलं गार. काडेपेटी कुठे असते या घरात?
एक खण उघडला, दुसरा उघडला, चमचे सांडले.
हाक मारायला तोंड उघडलं, तर
"अगं" एवढंच बाहेर आलं.

मागच्या खोलीतून, अंधारातून, त्याच बसलेल्या आवाजात:
"नाव."

घेतलं. पुरं. जीभ अडखळली थोडी.

"वरच्या फळीवर," ती म्हणाली. "मिठाच्या मागे."